पाटावर बसल्याने काही झालं नव्हतं

व्यंकू,

हे सांगायचं मी फार वर्षं टाळलं. तुझ्यासमोर टाळलं, सुशीलावहिनींसमोर टाळलं. तू अंथरुणाला खिळल्यावर तर 'आता कशाला त्याच्या जिवाला घोर' म्हणत टाळण्याला दयेचं नाव दिलं. आता समोर ऐकणारा नाही तेव्हा मला बोलायला सुचतंय. माझ्या हिमतीची पत यावरून तूच ठरव.

तुझ्या दहाव्यानंतर अरुणा माझ्याकडे आली होती. तुझ्या आठवणींची छोटी पुस्तिका काढायची आहे, गल्लीतले, कारखान्यातले, सगळे थोडं थोडं लिहिणार आहेत. म्हणाली, "काका, पहिला लेख तुमचा. बाबांच्या गमती तुमच्याइतक्या आम्हालासुद्धा माहीत नाहीत." मी हो म्हणालो. चहा झाला. दारात चपलेत पाय घालताना ती भिंतीला हात टेकून थांबली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "काका, मी कोर्टात जाऊन सही करून लग्न केलं असतं तर बाबा शेवटपर्यंत चालते राहिले असते ना?"

मी म्हणालो, "असं मनात आणू नये, बाळा."

चाळीस वर्षं रुग्णांच्या नातेवाइकांना म्हणत आलो तेच वाक्य. ती मान हलवून गेली, दुसऱ्या दिवशी भिवंडीला परतली. तेरा-चौदा वर्षांची मुलं आहेत तिला, आणि ती अजून स्वतःच्या लग्नाचा हिशेब मांडत बसली आहे. तुझ्या गमती मी लिहीन, व्यंकू, पण हे लिहून झाल्यावर.

आपली मैत्री भांडणावर टिकली. मी सोलापूरच्या शुक्रवार पेठेतला, तू पूर्व भागातला, आणि उन्हाळा लागला की कुणाचं घर जास्त तापतं यावर आपण शाळेत असल्यापासून भांडायचो. तू म्हणायचास, "तुमचं माळवद आहे बे. मातीखाली राजासारखं झोपता. आमच्या पत्र्याखाली ये एकदा, पापड भाजून दाखवतो." माझं म्हणणं असं की माळवद दिवसभर ऊन पितं आणि रात्रभर ओकतं. सत्तरी उलटली तरी निकाल लागला नाही. मागच्या उन्हाळ्यात खाटेवर पडल्या पडल्या तू विचारलंस, "हरलास का नाही अजून?" मी हरलो म्हणालो नाही. म्हणायला हवं होतं. तेवढं तरी.

तुझं काम मला नेहमी नवलाचं वाटायचं. चादरीवर जी वेल किंवा जो मोर दिसतो तो आधी तू चौकटींच्या कागदावर रंगवायचास, मग त्याप्रमाणे पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडायची, मग त्या पट्ट्या मागावर चढायच्या. दिवसभर वाकून बसायचास. म्हणायचास, "मोर मी काढतो आणि नाव गावाचं होतं." पन्नाशीनंतर कमरेनं तक्रार सुरू केली, ती तू बरीच वर्षं कुणाला ऐकू दिली नाहीस.

माझ्याकडे आलास तो अरुणाचं लग्न ठरल्यावर. नव्या पेठेत लग्नाचे कपडे घेताना दर दोन दुकानांनंतर तुझे पाय बधिर व्हायचे आणि तू मिळेल त्या पायरीवर बसायचास. "वहिनी तुझी लाजायलीय," म्हणालास. "आणि दुकानदाराला वाटायलंय, मी भाव पाडायला धरणं धरलंय. एकानं दहा टक्के कमी केले की बे!" मी तुला तपासलं. कमरेतला एक मणका खालच्या मणक्यावरून पुढे सरकला होता आणि नसा चेमटत होत्या. ऑपरेशन लागणार हे उघड होतं. इथवर मी काही चुकलो नाही. हेही लिहिलं पाहिजे, नाहीतर पुढचं खरं वाटणार नाही.

अरुणा, वहिनी, तुम्ही दोघी हे वाचाल म्हणून समजावून सांगतो. अशा ऑपरेशनमध्ये सरकलेला मणका स्क्रू घालून धरून ठेवतात आणि दोन मणक्यांमध्ये हाड भरतात, म्हणजे पुढे ते एकजीव होतात. हे भरायचं हाड पूर्वापार रुग्णाच्याच कमरेच्या कडेतून काढतात. त्याची जखम वेगळी आणि ती बरेच दिवस ठणकते. त्या सुमाराला हाड वाढवणारं एक प्रोटीन बाजारात आलं होतं. भुकटी पाण्यात विरघळवायची, त्यात स्पंजाचे तुकडे भिजवायचे आणि मणक्यांमध्ये ठेवायचे. शरीर तिथे आपणहून हाड धरतं, कमरेला हात लावावा लागत नाही. मी एका परिषदेत ऐकून आलो होतो आणि हुरळलो होतो. सोलापुरात ते कुणी वापरलं नव्हतं. लग्नाला चार महिने होते. मित्र मांडवात ताठ उभा राहावा, आणि तो मी उभा केला हे मांडवात सगळ्यांना कळावं, या दोन्ही इच्छा माझ्या होत्या. कुठली मोठी होती ते आज सांगता येत नाही.

ते प्रोटीन पोटाकडून करायच्या ऑपरेशनसाठी मंजूर झालेलं होतं. मी पाठीकडून वापरलं. बरेच जण वापरत होते, कुणी अडवत नव्हतं. पण पाठीकडून जाताना वाटेतच नसा असतात. हे मी तुला सांगितलं नाही. सही करताना तू कागद वाचलाच नाहीस. "तू लिहिलायस ना? मग काय वाचायचंय," म्हणालास. वाचला असतास तरी त्यात या औषधाचं नाव नव्हतं. मी तोंडी म्हटलं, "नवं औषध आहे, कमरेचं हाड काढायला नको." तू म्हणालास, "मग भरपूर घाल की बे."

तू चेष्टेत म्हणालास. मी खरंच घातलं.

ते औषध ठरावीक मापाच्या खोक्यात यायचं. मी मोठं खोकं मागवलं होतं, मित्रासाठी कमी पडायला नको म्हणून. तुझ्या एका जागेला त्यातलं निम्मंही लागलं नसतं. मणक्यांमधली जागा भरली तरी भिजवलेले तुकडे उरलेच. सिस्टरनी ट्रे पुढे करून विचारलं, "सर, उरलेलं?" एकदा भिजवलं की ते ठेवता येत नाही, फेकूनच द्यावं लागतं. आणि आपण दोघं ज्या घरांत वाढलो, तिथे ताटात शीत उरलं तर उठू देत नसत. एवढं महागाचं औषध कचऱ्यात टाकायचं माझ्या जिवावर आलं. मी म्हणालो, "टाकायचं कशाला? माझा मित्र आहे, सगळं भरा." थिएटरमध्ये सगळे हसले, मीही हसलो. उरलेले तुकडे मी जागेच्या मागे, आजूबाजूला, दाबून बसवले. जास्त माया केली की जास्त गुण येईल, अशा समजुतीनं. डॉक्टर असून.

दुसऱ्या आठवड्यात तू ड्रेसिंगला आलास. कंबर हलकी झाली होती. वहिनी औषधं आणायला खाली गेल्या तसा तू वाकून हळूच म्हणालास, "दिन्या, डावा पाय जळायलाय बे. मिरचीची पूड चोळल्यासारखा. आधी नव्हतं हे."

मी म्हणालो, "नस मोकळी होतेय. होतं असं."

"सुशीलाला सांगू नको. लग्न पुढं ढकलंल ती."

मी सांगितलं नाही. म्हणजे लग्नाच्या किती तरी आधी तुझा पाय जळत होता, आणि हे या जगात आपल्या दोघांनाच ठाऊक होतं. यापुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे, म्हणून ती इथे स्पष्ट लिहून ठेवतो.

लग्न झालं. सहा महिने जमिनीवर बसायचं नाही, मांडी घालायची नाही, असं मी बजावलं होतं. जावयाचे पाय धुण्याचा विधी खुर्चीवर बसून करायचा असं ठरलंही होतं, मुलाकडच्यांनी लगेच मान्य केलं होतं. ऐन वेळी तू खुर्ची बाजूला सरकवलीस. "जावयाचे पाय खुर्चीवरनं धुवू? आंघोळ घालायलोय का त्याला?" मांडव हसला. तू पाटावर मांडी घालून बसलास आणि सगळे विधी संपेपर्यंत उठला नाहीस. वहिनी मला खुणावत होत्या, "अण्णा, तुम्ही तरी सांगा हो!" मी हातानं 'राहू दे' केलं. अरुणा तुझ्याकडे बघत होती. तुझा चेहरा मला समोरून दिसत होता. घाम येत होता, आणि तू खूप आनंदात होतास.

पुढच्या दोन-तीन महिन्यांत पाय उचलेनासा झाला. मी स्कॅन करवला. फिल्म उजेडाला धरली आणि मला दिसलं. जिथून नसा जातात त्या पोकळीत पांढरं हाड उगवलं होतं. बरोबर तिथे, जिथे मी उरलेले तुकडे दाबले होते.

वहिनींनी विचारलं, "पाटावर बसले म्हणूनच ना, अण्णा?"

या प्रश्नाचं उत्तर एका शब्दाचं होतं. पाटावर बसल्यानं नसांच्या नळीत हाड उगवत नाही. फार तर स्क्रू ढिला होतो, आणि तुझे स्क्रू पक्के होते. हे मला तेव्हा माहीत होतं, आज माहीत झालेलं नाही. मी म्हणालो, "याचं शरीर जरा जास्तच हाड धरतं. त्यात वेळेआधी बसला, ताण आला."

एवढंच. शरीर तुझं, बसणं तुझं. माझं काहीच नाही.

वहिनींनी तिथेच कपाळावर हात मारला. "अय्यो, मी सांगत होते, मी सांगत होते!" अरुणा माहेरपणाला आलेली होती, दाराशी उभी होती. तिनं ते ऐकलं. त्या दिवशी तिच्या पाठीवर ते ओझं मी ठेवलं.

नंतर परदेशातले सर्जन या प्रोटीनबद्दल उघडपणे लिहू लागले. नको तिथे हाड वाढणं, नसांची जळजळ, मानेच्या ऑपरेशनमध्ये वापरलं तर गळ्याला सूज येऊन श्वास कोंडणं. सुरुवातीला ज्यांनी धोके फार कमी सांगितले, त्यांच्यातल्या काहींचे कंपन्यांशी पैशाचे संबंध होते, असंही निघालं. हे वाचून मला सुटल्यासारखं वाटलं. पाहा, मलाही फसवलं होतं! काही वर्षं मी त्याच समजुतीवर काढली. ऑपरेशनच्या दिवशी मला हे धोके नीट माहीत नव्हते, हे खरंच आहे. त्या औषधानं योग्य जागी, योग्य मापात कुणाचं भलंही झालं असेल. पण फिल्म उजेडाला धरल्यापासून मला माहीत होतं. तिथून पुढे मला कुणी फसवलेलं नाही.

दुसरं ऑपरेशन मी पुण्याच्या सर्जनना बोलावून केलं, शेजारी उभा राहिलो. ते हाड नसांच्या आवरणाला सिमेंटसारखं चिकटलं होतं. सोडवताना आवरण फाटलं. तुझा डावा पाय घोट्यापासून लोंबला तो लोंबलाच, आणि लघवीवरचा ताबा गेला. दिवसातून चार-पाच वेळा नळी घालून लघवी काढायला मी तुला शिकवलं. कुणाही माणसाला लाज वाटावी असं ते शिकणं. तू पहिल्यांदा स्वतःच्या हातानं नळी घातलीस आणि म्हणालास, "सोलापूरच्या नळाला पाच दिवसांनी पाणी, माझ्या नळीला रोज पाच वेळा. महापालिकेला सांग की, माझ्याकडून शिका म्हणावं." मी बाहेर येऊन बेसिनवर तोंड धूत राहिलो.

नक्षीचं काम सुटलं. बसवत नव्हतंच, आणि तोवर ते कॉम्प्युटरवर गेलं होतं. घरात कधी वाजलं की वहिनी म्हणायच्या, "पाटावर बसायची हौस ना? बसा आता खाटेवर." त्या वाईट नव्हत्या. रात्रंदिवस तुझं करून थकलेल्या बाईचा राग कुठेतरी निघणारच. पण तो निघायला हवा होता माझ्यावर, आणि त्या मला मात्र दर भेटीला ताट वाढायच्या. "अण्णांनी किती केलं तुमच्यासाठी," म्हणायच्या तुला. मी जेवायचो, व्यंकू. खाली मान घालून जेवायचो.

एकदाच तू विचारलंस. वहिनी देवळात गेल्या होत्या. छताकडे बघत म्हणालास, "दिन्या, पाय आधीच जळत होता की बे. लग्नाच्या आधी. तुला सांगितलं होतं मी."

"ते वेगळं होतं," मी म्हणालो.

"वेगळं होतं?"

"हो. ते नसेचं होतं. हे हाडाचं."

तू पांघरूण छातीपर्यंत ओढून घेतलंस. मग म्हणालास, "बरं. तू म्हणतोस तर वेगळं." आणि क्रिकेटचा विषय काढलास. तुला कळलं होतं का? मी अजून तेच चाचपडतोय. कळून तू मला सोडून दिलंस, की खरंच माझ्यावर विश्वास ठेवलास? यातलं कुठलंही असो, मला तोंड लपवायला जागा नाही. तो वाद आपण तिथे सोडला, आणि उन्हाच्या वादासारखा तो पुन्हा काढायची सोय आता राहिली नाही.

नळीमुळे जंतुसंसर्ग होत राहिला. दर काही महिन्यांनी ताप, थंडी, सलाइन. औषधं एकेक करून लागू पडेनाशी झाली. मग किडन्या गेल्या. मृत्यूच्या दाखल्यावर मूत्रपिंडाचं नाव आहे. मी डॉक्टर आहे, मला त्याच्या मागचं मागचं सगळं दिसतं, थेट त्या ट्रेपर्यंत.

शेवटच्या आठवड्यात मी ठरवून आलो होतो. रिक्षात वाक्यं जुळवली. वॉर्डात तू डोळे मिटून होतास, हात सुजलेले, ओठ कोरडे. वहिनी बाहेर गेल्या. मी स्टूल ओढलं. "व्यंकू," म्हणालो. तू डोळे उघडलेस आणि माझ्याआधी तूच बोललास. आवाज इतका बारीक की मला कान जवळ न्यावा लागला.

"अरुणाला सांग. तिच्या लग्नानं नाही झालं म्हणावं."

मी स्टूल आणखी जवळ घेतलं.

"खोटं का असंना, सांग की बे. पोरगी आतनं जळायलीय. तू डॉक्टर आहेस, तुझ्या तोंडनं पटंल तिला."

मी म्हणालो, "सांगतो."

वाक्यं ओठांवर आली होती. पण तू समाधानानं डोळे मिटलेस, आणि मी तुझ्या समाधानामागे लपलो. तेवढ्यात नर्स आली, मी स्टूल मागे सरकवलं. चार दिवसांनी वहिनींचा फोन आला. आणि मग दहाव्यानंतर अरुणानं स्वतः होऊन विचारलं, तू सोपवलेलं एवढंसं काम हातात आयतं आलं, तरी मी 'मनात आणू नये' म्हणून तिला परत पाठवलं. कारण त्यापुढे तिनं विचारलं असतं, मग कशानं झालं?

हा लेख पुस्तिकेसाठी देण्याआधी मी भिवंडीला जाऊन अरुणाच्या हातात देणार आहे. छापायचा की फाडायचा ते तिनं ठरवावं. मग वहिनींना तिनं वाचून दाखवावा, मी समोर बसेन. पुढे त्या घरात मला पाणी मिळालं नाही तर ते बरोबरच होईल. मला तक्रार करायची नाही. वहिनींनी इतकी वर्षं चुकीच्या माणसावर राग काढला, आणि तो माणूस ऐकून घेत गेला, हे त्यांना कळल्यावर त्यांचं काय होईल याचीच भीती वाटते. त्यांनाही सांगतो, वहिनी, तुम्ही जे बोललात ते मी बोलायला लावलं.

आणि तुझ्या खाटेपाशी जे म्हणायचं होतं, ते हे होतं.

व्यंकू, अरुणाला सांगायला सांगतोस ते खोटं नाही. तुझ्या नसांवर जे हाड वाढलं ते मी घातलेल्या औषधाचं होतं. गरजेपेक्षा जास्त घातलं, तुला न सांगता घातलं, आणि दिसल्यावर तुझ्या माथी मारलं. तू लेकीच्या लग्नात पाटावर बसलास, त्यात तुझं काहीच चुकलं नाही. माझं चुकलं. मला माफ कर.